घोंगी खंड्याची चोच: कालावल खाडीवरच्या तीन सकाळी

कणकवलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, शाळेचे आयकार्डचे फोटो यांवर घर चालतं. पक्षी हा सुट्टीतला नाद. गेल्या मार्गशीर्षात नाद आणि धंदा एकदाच एकत्र आले. ओळखीतल्या एका छापखानेवाल्याला नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी खाडीवरचा एक पक्षी हवा होता. फोटो उभा हवा, वरचा तिसरा हिस्सा मोकळा हवा, कारण तिथे महिन्याचं नाव बसणार. जाता जाता तो म्हणाला, ‘‘आणि जवळून काढा हां, नुसता ठिपका नको.’’ हे शेवटचं वाक्य मी फार मनावर घेतलं. पुढे जे बिघडलं ते तिथूनच.

हे टिपण त्या एका फोटोचं आहे. तीन सकाळी, दोन कॅमेरे, एक पक्षी. भाच्याच्या आणि माझ्या मिळून अडीच हजारांवर फ्रेम्स झाल्या आणि हाती लागली एक. फार तर दीड म्हणा. त्या अर्ध्याबद्दल पुढे सांगतो.

पक्षी घोंगी खंड्या. विजेच्या तारेवर, विहिरीच्या काठावर बसणारा पांढऱ्या छातीचा खंड्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हा त्याच्याहून बराच मोठा, ३५ ते ३८ सेंटिमीटर लांब. डोकं मातकट करडं, गळा आणि पोट फिकट हळदी, पाठ आणि पंख निळसर हिरवे, पाय लाल. चोच मात्र अशी की बाकीचा पक्षी तिच्या मागून चालत आलाय असं वाटावं: लालभडक, जाड, खंजिरासारखी. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६६ साली त्याला ‘कॅपेन्सिस’, म्हणजे केप ऑफ गुड होपचा, असं नाव दिलं. आफ्रिकेतल्या त्या केपमध्ये हा पक्षी नाहीच. नमुना कुठला याची नोंद चुकली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्याकडे अशी चुकून चिकटलेली नावं घेऊन आयुष्य काढलेली माणसं वाडीवाडीत सापडतील.

फोटोवाल्याला या पक्ष्याची अडचण चोचीतच आहे. डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत जवळपास १० सेंटिमीटर अंतर. जवळून टेलिलेन्स लावली की एवढी खोली फोकसमध्ये बसत नाही. लग्नात नवरीचा क्लोजअप घेताना डोळा स्पष्ट आला आणि नथ पुसट झाली तर तिची आई फोटो परत करते. तिथे नथ आणि डोळा यांच्यात बोटभर अंतर असतं. इथे जवळपास अर्ध्या वितीची गोष्ट होती.

जागा कालावल खाडीच्या उत्तर काठावरची. गड नदी इथून समुद्राला मिळते. भाऊकाकांचं घर काठाला लागून आहे. घराखाली चिऱ्याच्या चार पायऱ्या पाण्यात उतरतात. पायऱ्यांसमोर होडी बांधायचा एक जुना बांबू चिखलात रोवलेला. पूर्वेकडून मातीचा बांध येतो. बांधाच्या आत खाजण, म्हणजे खारी सखल जमीन, आणि बांधाच्या टोकाला उघाडी, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची जागा. तिचं दार जुनं झालंय, भरतीला थोडं पाणी आत घेतं आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सोडतं. ते पाणी पायऱ्या आणि बांबू यांच्या मधल्या चिंचोळ्या ओघळातून खाडीत उतरतं आणि त्याबरोबर बारीक कोळंबी, बोयटाची पिल्लं येतात. खंड्या त्यासाठी बांबूवर बसतो. हे मला तेव्हा ठाऊक होतं. त्याचा फोटोशी काय संबंध, हे कळायला दोन सकाळी गेल्या.

वेळ भाऊकाकांनी ठरवली. ‘‘सुकती लागली काय तो येतलोच.’’ मग प्रश्न एवढाच, की सकाळच्या कोवळ्या उन्हात सुकती कधी लागते. किनाऱ्यावर याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, भरती पूर्ण भरायची वेळ मिळते. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचंच हे सोपं गणित. खाडीच्या आत पाणी आणखी थोडं उशिरा वळतं. मार्गशीर्षात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे ऊन आणि सुकती यांची गाठ पक्षात जेमतेम तीन-चार सकाळी पडणार. आम्ही अष्टमी, नवमी आणि दशमी धरल्या.

अष्टमी

पायऱ्यांच्या वरच्या कडेला माडाची झापं उभी केली, मागे दोघे बसलो. बांबू बरोबर ७ मीटरवर. आदल्या संध्याकाळी होडीच्या दोरीने मोजला होता. माझ्याकडे निकॉन डी५०० आणि २००-५०० लेन्स, ट्रायपॉडऐवजी भाताच्या तुसाने भरलेली पिशवी. भाच्याकडे नवा मिररलेस कॅमेरा, पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्यावर चौकट धरणारा.

सातला दहा कमी असताना तो आला. आधी आवाज, मग काठावरच्या चिपीच्या खारफुटीवरून निळी रेघ, मग बांबू. ७ मीटरवरून ५०० मिलिमीटरमधून पाहिलं तेव्हा माझा श्वास अडकला. या अंतरावर माझ्या सेन्सरच्या फ्रेममध्ये फक्त ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा मावतो, म्हणजे अख्खा खंड्या मावतच नाही. डोकं, चोच, छाती, एवढंच. डोळ्याभोवतीची कडा दिसत होती, चोचीच्या मुळाशी अडकलेला चिखलाचा कण दिसत होता. छापखानेवाल्याला जवळून हवा होता ना, घे म्हटलं.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/५.६ (आकडा वाढला की छिद्र लहान), १/५०० सेकंद, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८००. पाऊण तासात मी चारशे फ्रेम्स घेतल्या, भाच्याने नऊशे.

दुपारी भाऊकाकांच्या ओटीवर लॅपटॉप उघडला. डोळा बहुतेक ठिकाणी नीट होता. भाच्याच्या तर जवळपास सगळ्या फ्रेम्समध्ये. त्या चौकटीने आपलं काम चोख केलं होतं. पण चोच म्हणजे लाल धूर. अर्ध्यापर्यंत रेषा धड, पुढे कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखी. पक्षी ओळखू येत होता, तरी दर फोटो पाहताना मन म्हणत होतं, काहीतरी राहिलंय.

हिशेब मांडला. माझ्या सेन्सरवर, ५०० मिलिमीटरला, ७ मीटरवर एफ/५.६ ला फोकसची खोली सुमारे ४ सेंटिमीटर मिळते. डोळ्यावर फोकस धरला तर २ पुढे, २ मागे. चोचीचं टोक १० सेंटिमीटर पुढे. ते त्या दोनात कसं बसणार?

माझ्या काही फ्रेम्समध्ये डोळाही किंचित ढिला होता. कारण या पक्ष्याचा डोळा गडद तपकिरी आणि आजूबाजूचं डोकंही मातकट. कॅमेऱ्याला पकडायला कडाच मिळत नाही. शेजारी चोचीचं लाल मूळ आणि करड्या पिसांची ठसठशीत सीमा असते, फोकस तिथे उडी मारतो. ती सीमा डोळ्याच्या दीड-दोन सेंटिमीटर पुढे. एरवी हा फरक कुणाला दिसला नसता. चारच सेंटिमीटर हातात असताना दोन घसरले तर डोळा थेट काठावर. दुसऱ्या दिवसापासून मी एकच छोटा पॉइंट ठेवला आणि तो बुबुळावर न धरता डोळ्याच्या वरच्या कडेवर धरला, जिथे आकाशाची चमक पडते.

कापाकापीबद्दलही इथेच बोलतो. एवढ्या जवळून पक्षी कुठेतरी कापला जाणारच. पासपोर्ट फोटोत छातीवर कापलं तर कुणी विचारत नाही, कारण ते ठरवून कापलेलं दिसतं. पण वधूवरांच्या उभ्या फोटोत पायाची बोटं उडाली तर नवरदेवाची मावशी अल्बम परत पाठवते. खंड्याचंही तसंच. छातीच्या मध्यावर कापलेल्या फ्रेम्स ठीक होत्या. ज्यांत पाय अर्धे आणि शेपटीचं टोक बोटभर उडालेलं, त्या सगळ्या हातून सुटल्यासारख्या दिसत होत्या. त्या तिथल्या तिथे पुसल्या.

नवमी

मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. अ‍ॅपर्चर लहान केलं. एफ/११.

आता खोली ८ सेंटिमीटर. डोळ्याच्या पुढे ४. टोक अजूनही १० वरच. म्हणजे गणितातच उत्तर ‘नाही’ असं होतं, तरी मी ती सकाळ त्यात घालवली. माणूस एकदा झापांमागे बसला की उठत नाही. उजेड दोन स्टॉप कमी झाला, म्हणजे चौथाईवर आला, म्हणून आयएसओ ३२०० वर गेलं आणि गळ्याच्या फिक्या पिसांत दाणे दिसायला लागले. एवढं लहान अ‍ॅपर्चर केल्यावर प्रकाश कडांवर पसरतो आणि आधी धारदार असलेली पिसंही किंचित मऊ पडतात, ते वेगळं.

खरा घोटाळा मागे झाला. एफ/५.६ ला मागची कांदळं, म्हणजे खारफुटी, हिरव्या रंगाचा एक गुळगुळीत पडदा होती. एफ/११ ला त्या पडद्यातून वस्तू उगवल्या: तिवरांची चिखलातून वर आलेली श्वासमुळं, एक पांढरा थर्माकोलचा तुकडा आणि कुणाच्या तरी जाळ्याचा निळा बोया, नेमका पक्ष्याच्या टाळूवर. नवरदेवाच्या डोक्यावर मंडपाचा खांब उगवतो ना, तसा.

भाच्याने सुचवलं, ‘‘मामा, फोकस स्टॅकिंग करूया का? वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम्स जोडून?’’ दागिन्यांच्या फोटोंना मी ते करतो. पण दागिना मान हलवत नाही. खंड्या पाण्याचा अंदाज घेताना डोकं सारखं वरखाली करतो. दोन फ्रेम्समध्ये चोच एका जागी नसते.

याच सकाळी भाच्याला ती अर्धी फ्रेम मिळाली. पक्ष्याने सूर मारला, रिकामाच परत आला आणि सरळ आमच्याकडे तोंड करून बसला. भाच्याचा फोकस चुकून टोकावर राहिला. टोकाला पाण्याचा थेंब, थेंबात उलटी खाडी, आणि मागे सगळा पक्षी रंगांचा ढग. दोन डोळे म्हणजे दोन काळे डाग. भाचा म्हणाला हीच घ्या. मी म्हटलं, कॅलेंडर घेणाऱ्या माणसाला पक्षी दिसला पाहिजे, त्याला कोडं नको. तो म्हणाला, ‘‘सगळ्यांत डोळाच धारदार पाहिजे हा नियम कुणी केला?’’ मला उत्तर देता आलं नाही. ‘डोळा आधी’ हे मी वीस वर्षं शिकवत आलोय, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरच असतं. ही दहावी होती की काय, हे आमच्यात अजून मिटलेलं नाही.

दुपारी जेवताना आमचा हाच वाद चालू होता: आणखी जवळ जावं की एफ/१६ करावं. भाऊकाका सोलकढी पिता पिता ऐकत होते. मग भाच्याला म्हणाले, ‘‘झिला, तो उघाडीकडे बघता रे, तुमच्याकडे नाय.’’

एवढंच. मी ताटावरून उठून पायऱ्यांवर गेलो आणि पाहिलं. ओघळ पायऱ्या आणि बांबूच्या मधे. मासे ओघळात. बांबूवर बसलेला पक्षी ओघळाकडे, म्हणजे पायऱ्यांकडे, तोंड करूनच बसणार. आम्ही दोन दिवस नेमके त्याच्या ताटाच्या मागे बसलो होतो, म्हणून दर वेळी चोच आमच्या रोखाने. ती आडवी पाहायची तर आम्हाला बाजूला जायला हवं होतं. पक्ष्याच्या चोचीची दिशा मासळी ठरवते आणि मासळीची दिशा उघाडी. फोकसची अडचण मी लेन्सच्या कड्यावर सोडवत बसलो होतो आणि ती पडली होती चिखलात.

बाजूची जागा एकच: पूर्वेचा बांध. तिथून कॅमेरा पश्चिमेकडे, मार्गशीर्षातला सूर्य पाठीमागून थोडा डावीकडून, पक्ष्याचं तोंड उत्तरेला म्हणजे फ्रेममध्ये उजवीकडे. मागे रुंद खाडी आणि पलीकडच्या वळणावरची कांदळं, बरीच दूर. पायऱ्यांवरून ऊन पक्ष्याच्या अर्ध्या तोंडावरच पडत होतं. इथून पूर्ण बाजू उजळणार. फक्त अंतर वाढत होतं. बांधाच्या कडेपासून बांबू ११ मीटर. त्याहून जवळ चिखल.

‘‘मामा, मग शेवटी कडा कापून क्रॉपच करणार ना?’’ भाचा म्हणाला. ‘‘मग जवळून काढलेलं काय वाईट?’’

प्रश्न रास्त होता, म्हणून संध्याकाळी कागदावर मांडला. ११ मीटरवर एफ/५.६ ला फोकसची खोली सुमारे १० सेंटिमीटर मिळते; ७ मीटरवर ४ होती. अंतर दीडपट, खोली अडीचपट, कारण ती अंतराच्या वर्गाने वाढते. आता ७ मीटरवर जेवढा मोठा दिसत होता तेवढा करायला क्रॉप केला, तर पुसटपणाही तेवढाच मोठा होतो आणि १० ची खोली ६ वर येते. तरी ४ पेक्षा ६ बरे. पिक्सेलचा तोटा होतोच: २.०९ कोटींतले ८० लाखांच्या आसपास उरतात. ए-४ पानाला तेवढे पुरतात, मोठ्या पोस्टरला नाही.

पण क्रॉप करायची गरज नव्हतीच, हे हिशेब करता करता लक्षात आलं. ११ मीटरवर उभी फ्रेम ३३ बाय ४९ सेंटिमीटरचा तुकडा घेते. बसलेला खंड्या शेपटीसकट त्यात मावतो आणि वर महिन्याच्या नावाला हवी तेवढी जागा राहते. ‘जवळून’ म्हणजे फ्रेम भरून ओसंडणं, असं मी ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाइकाने तसं म्हटलंच नव्हतं.

दशमी

सव्वासहाला बांधावर. झापं आडवी टाकून त्यांच्यामागे बसलो. सूर्य उगवला आणि पहिली अडचण आली: पाठीमागचा सूर्य क्षितिजालगत असल्याने आमच्या सावल्या थेट बांबूपर्यंत पोचत होत्या. सातच्या सुमारास तो एकदा आला, सावली हलली, आणि ओरडत वळून चिपीत गेला. त्याला दोष नाही. आम्ही कॅमेरे खाली ठेवून चहा प्यायलो. सावल्या आखडायची आणि पाणी वळायची, दोन्हींची वाट पाहायची होती.

त्या रिकाम्या तासात मागच्या पडद्याकडे नीट पाहिलं. बांधावर बसून बघितलं तर पलीकडच्या काठाची रेघ, खाली उजळ पाणी आणि वर गडद कांदळ, बांबूच्या माथ्याच्या थोडी वर येत होती. पक्षी बसला की ती त्याच्या मानेतून जाणार होती. मान कापणारी आडवी रेघ फोटोत कधीच चांगली दिसत नाही, मग फोकस कितीही धारदार असो. कॅमेरा वर नेला तर रेघ वर सरकून पक्षी पूर्ण पाण्यावर येईल. पण उजळ पाण्यावर हळदी पोट विरून जातं. खाली आणला तर पक्षी पूर्ण गडद हिरव्यावर, आणि त्यावर लाल चोच. जवळची वस्तू आणि दूरची रेघ यांचं नातं थोड्या उंचीनेही बदलतं: कॅमेरा दीड वीत खाली आणला की ११ मीटरवरच्या पक्ष्यामागे रेघ सव्वा वीत खाली उतरते. एवढ्यात ती मानेवरून पायांखाली गेली. त्यासाठी मला बांधावर पालथं पडावं लागलं. शर्टाच्या बाहीत एक खेकडा शिरला, त्याचं वर्णन करत नाही.

आठ वाजून वीस मिनिटांनी उघाडीचं पाणी खळाळायला लागलं. सावल्या तोवर तीन मीटरच्या आत आल्या होत्या. आणि तो आला.

आडवा. पूर्ण आडवा, नाण्यावरच्या राजासारखा. एफ/६.३, १/१२५०, आयएसओ ४००. पहिल्या वीस फ्रेम्समध्ये टोकापासून शेपटीपर्यंत सगळं धारदार. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांतल्या दोन पाहताच कळलं, की हे फोटो मेलेले आहेत. बिनचूक पार्श्वचित्र, पक्ष्यांच्या तक्त्यात शोभेल. त्यात पक्षी आपल्या जगात होता आणि आपण बाहेर.

इथे मागे सरकण्याचा दुसरा फायदा हाती आला, जो मी कागदावर पाहिला नव्हता. ७ मीटरवर एफ/५.६ ला टोक फोकसमध्ये ठेवायचं तर पक्ष्याने मान आडव्यापासून १२ अंशांहून जास्त आमच्याकडे वळवून चालत नव्हतं. ११ मीटरवर एफ/६.३ ला खोली साडेअकरा सेंटिमीटर, डोळ्यापुढे जवळपास ६. म्हणजे त्याने मान ३५ अंशांपर्यंत वळवली तरी टोक शाबूत. आडव्याहून किंचित आमच्याकडे वळलेलं डोकं, जिथे जवळचा डोळा पूर्ण गोल दिसतो, त्यात ठिपका चमकतो आणि चोचीची वरची कडा उजेडाची रेघ पकडते, ते आता परवडत होतं. वाट पाहायची ती त्याची.

दुसरी दुरुस्ती उजेडाची. कॅमेरा एकूण उजेड बरोबर दाखवत होता, पण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, रंगांनुसार उघडला तर लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली. एवढी तांबडी चोच उन्हात आली की लाल रंग एकटाच फुटतो. मग चोचीवरच्या रेषा, ओरखडे, सगळं सपाट प्लॅस्टिक होतं. नवरीच्या लाल शालूचं हेच होतं, त्यामुळे सवय होती. दोन-तृतीयांश स्टॉप कमी केला. पाठ थोडी काळवंडली, ती नंतर उचलता येते. फुटलेला लाल परत येत नाही.

मग त्याने सूर मारला आणि बोयटाचं पिल्लू घेऊन आला. पुढची दोन मिनिटं त्याने ते बांबूवर डावीउजवीकडे आपटलं. आम्ही दोघांनी बटणावरून बोट उचललंच नाही. नंतर तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त फ्रेम्समध्ये डोळ्यावर पांढुरका पडदा. मासा आपटताना खंड्या डोळा जपण्यासाठी आतली पापणी ओढतो; आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. उरलेल्यांत मासा डोळ्यासमोर किंवा फ्रेमबाहेर. माशासकट एकही फोटो उभ्या पानाला बसला नाही.

गिळून झाल्यावर त्याने पिसं झाडली आणि गप्प बसला. आठ एकतीसला पलीकडच्या काठाला कुणीतरी होडीत वल्हं टाकलं. ठक्. त्याने मान थोडी वळवली, पंधराएक अंश, आणि एक क्षण आमच्या रोखाने पाहिलं. मी पाच फ्रेम्स घेतल्या. तिसरी.

तिच्यात पक्षी खालच्या अर्ध्यात, किंचित डावीकडे. चोच उजवीकडे, तिच्यापुढे चोचीएवढीच मोकळी जागा. बांबू उभा सरळ असता तर खांबासारखा दिसला असता. सुदैवाने तो वर्षानुवर्षं होडीच्या ओढीने कलला आहे आणि कल नेमका चोचीच्या विरुद्ध बाजूला. वर हिरवा अंधार. बांबूच्या माथ्याशी एक जुनी निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली आहे. भाचा म्हणाला, ती सॉफ्टवेअरमध्ये काढून टाकू. मी ठेवली. होडी बांधायचा बांबू आहे तो, जंगलातली फांदी नव्हे.

काही जण बादलीत जिवंत मासे सोडून खंड्याला हव्या त्या जागी बसवतात. आम्ही ते केलं नाही. पक्ष्याला फुकटच्या माशाची सवय लागते हे कारण आहेच. पण धंद्यातला माणूस म्हणून आणखी एक सांगतो: अशा फोटोत पक्ष्याची नजर पायाखालच्या बादलीत असते आणि ते दिसतं. ओळखणाऱ्याला तर लगेच.

छापखानेवाल्याने फोटो घेतला. ‘‘मासा असता तर बरं झालं असतं,’’ असं म्हणाला, पण घेतला. छपाईत पाठीचा निळसर हिरवा बराच मवाळ झाला. चार शाईंच्या छपाईत तो रंग पूर्ण उतरत नाही, आणि मी पहिला प्रूफ पाहायला गेलो नाही ही चूक माझी. चोच मात्र टिकली.

कॅलेंडर भाऊकाकांच्या ओटीवर लावलं. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बांबू बदलूक व्हयो.’’ खरोखरच तो बुडाशी कुजला होता. पौषात त्यांनी नवा रोवला, सरळसोट, ओघळापासून दोन हात पलीकडे. खंड्या अजून त्यावर बसलेला नाही. सध्या उघाडीच्या दाराच्या चौकटीवर बसतो, जिथून मागे सिमेंटची भिंत येते. येत्या अष्टमीला सुकती पुन्हा सकाळी आहे. तोवर बांबूला थोडा चिखल-शेवाळ लागेल, मग बघू.